साठवण आणि आठवण

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-३४; यिर्मया ३६:२०-३२

मनुष्याने काय जपून ठेवावे आणि काय हातातून सुटू द्यावे, हा प्रश्न पवित्र शास्त्राइतकाच जुना आहे. अरण्यातील इस्राएल लोकांपुढे तो मान्नाच्या रूपाने उभा राहिला, तर प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील धनवानापुढे कोठारांच्या रूपाने. आज तो आपल्या प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. मुलांचे बाप्तिस्मे, भावाबहिणींची लग्ने, नाताळचे गायनमंडळ, आजारी आईचा शेवटचा वाढदिवस हे सारे आपण छायाचित्रांत साठवतो. ती मोबाइलमध्ये मावेनाशी झाली म्हणजे ‘क्लाउड’मध्ये ठेवतो आणि तेथून ती आपल्या सर्व यंत्रांवर आपोआप दिसू लागली म्हणजे निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत खरी आहे? आणि समजा, ती खरी असली, तरी सर्वच काही साठवून ठेवणे हे विश्वासू कारभाऱ्याचे लक्षण आहे काय?

हा विषय यंत्रांच्या जाणकारांचा आहे, मंडळीच्या मासिकात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हटले असते. परंतु बीरगाव येथील एका घरात जे पाहिले आणि ऐकले, त्यानंतर तसे म्हणवत नाही.

रायपूर शहराच्या उत्तरेला, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगाव वसले आहे. एकेकाळचे हे खेडे लोखंड-पोलादाच्या कारखान्यांबरोबर वाढत गेले आणि आज तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. छत्तीसगढी आणि हिंदी बोलणाऱ्या कामगारांच्या वस्तीत, पोटासाठी विदर्भातून आलेली काही मराठी घरेही तेथे आहेत. अनुवादाच्या कामानिमित्त रायपूरला जाणे झाले, की अशाच एका घरी माझा मुक्काम असतो. घरच्या बाई नात्याने माझ्या मावशी. काकांनी एका ओतकामाच्या कारखान्यात उभी हयात घालवली. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना चांगला मोबाइल घेऊन दिला आणि त्यांना छायाचित्रांचा छंद लागला. अंगणातील लिंबाचे झाड, हंगामाच्या सणाला मंडळीत आलेल्या भाज्यांच्या टोपल्या, सुट्टीत आलेली नातवंडे, दारात आलेला पाहुणा, सर्वांना ते उभे करून टिपत. २०२१ च्या एप्रिलमध्ये, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, ते प्रभूमध्ये झोपी गेले. दफनाच्या वेळी मोजकीच माणसे होती. नातेवाइकांना अंत्यदर्शन मिळाले नाही. त्या घरी काकांचे म्हणून जे उरले, ते त्या छायाचित्रांतच उरले, असे म्हटले तरी चालेल.

काकांचे खाते मुलाने मावशींच्या मोबाइलला आणि पुण्यातील आपल्या संगणकाला जोडून दिले होते. हेतू चांगला होता. आईला तिकडे आणि आपल्याला इकडे वडील दिसावेत. पुढे मावशींच्या मोबाइलवर जागा संपल्याच्या सूचना येऊ लागल्या. शेजारच्या एका मुलाने त्यांना जागा मोकळी करण्याचे बटण दाबून दिले. या बटणाने असे होते, की जी छायाचित्रे क्लाउडमध्ये पोहोचली आहेत, त्यांच्या मोबाइलमधील प्रती काढून टाकल्या जातात. ती पडद्यावर पूर्वीसारखीच दिसत राहतात, परंतु आता ती घरात नसतात, दुरून दिसत असतात. काही महिन्यांनी त्या खात्यातीलही जागा भरली. तेव्हा मुलाने पुण्यात बसून, हे सगळे आईच्या मोबाइलवर आहेच, अशा समजुतीने एका दुपारी वर्षेच्या वर्षे खात्यातून काढून टाकली आणि जागा लगेच मिळावी म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. काकांचा जुना मोबाइल तर नव्याच्या बदल्यात केव्हाच दुकानात गेला होता.

२०२४ च्या एप्रिलमध्ये तिसऱ्या स्मृतिदिनाच्या उपासनेसाठी मावशींनी काकांचे एखादे चांगले छायाचित्र शोधायला घेतले, तेव्हा हे उघडकीस आले. आईला वाटत होते, मूळ प्रती मुलाकडे आहेत. मुलाला वाटत होते, त्या आईकडे आहेत. वास्तविक एकच प्रत उरली होती. ती कोणाकडेच नव्हती, आणि ती पुसणारा हात घरचाच होता. त्यात एक लहानशी चित्रफीत होती. जेवणापूर्वी काका प्रार्थना करीत आहेत, एवढीच. त्यांचा आवाज असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

त्या पावसाळ्यात मी गेलो, तेव्हा माय-लेकांत बोलणे जवळजवळ बंद होते. मुलाने मला फोनवर सांगितले, “दादा, मी बाबांना दुसऱ्यांदा पुरले, असे आई म्हणते. आणि मला त्यावर उत्तर सापडत नाही.”

मेघ नव्हे, दुसऱ्याचे घर

या दुर्घटनेचा विचार करताना प्रथम एका शब्दापाशी थांबावे लागते. ‘क्लाउड’ म्हणजे मेघ. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याच्या मनात या शब्दाने सहजच आदर उत्पन्न होतो. अरण्यात दिवसा वाट दाखवणारा मेघस्तंभ, रूपांतराच्या डोंगरावर शिष्यांवर छाया करणारा मेघ, प्रभूला शिष्यांच्या दृष्टीआड करणारा मेघ, ही सारी देवाच्या सान्निध्याची चिन्हे होत. संगणकाच्या परिभाषेतील मेघाला मात्र भिंती असतात, दारे असतात आणि विजेचे बिल असते. हजारो यंत्रे अहोरात्र चालणारी आणि ती तापू नयेत म्हणून सतत थंड ठेवावी लागणारी ती एक इमारत असते. २०२५ साली नवा रायपूर येथेच अशा एका मोठ्या केंद्राची पायाभरणी झाली. म्हणजे बीरगावच्या रहिवाशाला असा ‘मेघ’ पाहायचा असेल, तर वर पाहण्याऐवजी शहराच्या दुसऱ्या बाजूला जावे लागेल.

तेथे आपण आपली छायाचित्रे ठेवतो, ती कोणाच्या तरी घरी आणि कोणाच्या तरी अटींवर ठेवतो. अटी बदलतात. गूगल फोटोज या सेवेत २०१५ पासून ठरावीक दर्जाची छायाचित्रे विनामूल्य आणि अमर्याद ठेवता येत असत. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे १५ गीगाबाइटच्या विनामूल्य मर्यादेत मोजली जाऊ लागली. दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण याच कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. यात कोणाची फसवणूक आहे, असे माझे म्हणणे नाही. परक्याच्या कोठीत धान्य ठेवणाऱ्याने कोठीचे नियम वाचावेत, एवढेच म्हणणे आहे. मृत मनुष्य आपले खाते उघडत नाही. ज्याच्या खात्याची किल्ली त्याच्याबरोबर गेली, त्याच्या चित्रांना वारस कोण?

दुसरा शब्द ‘सिंक’. यंत्रांचा एकमेकांशी मेळ राखणे, असा त्याचा अर्थ. पुष्कळ लोक सिंक आणि बॅकअप एकच समजतात. बीरगावचे नुकसान याच समजुतीतून झाले. सिंक हा आरसा आहे आणि बॅकअप ही नक्कल आहे. दहा आरसे लावले तरी समोरचा मनुष्य उठून गेला, की दहाही आरसे रिकामे होतात. नक्कल मात्र मूळ नष्ट झाल्यावरही राहते. बहुतेक सेवांमध्ये पुसलेले चित्र काही काळ टोपलीत असते. गूगल फोटोजमध्ये क्लाउडवर पोहोचलेल्या चित्रांसाठी ही मुदत ६० दिवसांची, तर ॲपलच्या आयक्लाउडमध्ये साधारण ३० दिवसांची आहे. परंतु ती मुदत संपली किंवा टोपलीच रिकामी केली, तर आरशांची संख्या उपयोगी पडत नाही.

आम्हा बायबल अनुवादकांना हा भेद कामातून शिकावा लागतो. जगभर अनेक अनुवादमंडळे ‘पॅराटेक्स्ट’ नावाची संगणकप्रणाली वापरतात. तिच्यात एका सहकाऱ्याने केलेला बदल दुसऱ्याकडे पोहोचतो खरा, पण आधीचा पाठ नाहीसा होत नाही. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याचा इतिहास राहतो आणि चूक झाली तर मागे जाता येते. छायाचित्रांच्या बाबतीत आपण एवढीही खबरदारी घेत नाही. देवाच्या वचनाला जे लावले, ते आईबापांच्या स्मृतीला लावायला काय हरकत आहे?

अजाणता झालेले नुकसान

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याने जे केले ते पाप होते, की केवळ चूक? लेवीय पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अजाणता घडलेल्या अपराधांसाठी अर्पणे सांगितली आहेत. मूळ इब्रीत तेथे ‘शगागा’ हा शब्द येतो. वाट चुकणे, भरकटणे हा त्यातील भाव. त्या अध्यायाचे काम करीत असताना एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. तेथे दोन्ही टोके टाळलेली आहेत. ‘हेतू वाईट नव्हता, तेव्हा काही झालेच नाही’ असे शास्त्र म्हणत नाही. नुकसान खरे आहे आणि ते ध्यानात आल्यावर मनुष्याला वेदीपाशी जावे लागते. दुसरीकडे, अजाणता चुकलेल्याला हेतुपुरस्सर वैऱ्याच्या पंक्तीलाही शास्त्र बसवत नाही. त्याच्यासाठी परतीची वाट आधीच आखून ठेवलेली असते.

मी मुलाला सांगितले, की यंत्राने असे केले, असे आईला सांगू नकोस. यंत्राने सांगितलेलेच केले. “माझ्या हातून झाले, मी तुला न विचारता केले,” एवढेच सांग. आणि मावशींना सांगितले, की शेजारच्या पोराने बटण दाबले तेव्हा तुम्हीही त्याला विचारले नव्हते. दोघांनाही माझे बोलणे रुचले नाही. परंतु सत्याशिवाय क्षमेला उभे राहायला जागा मिळत नाही. एकाच खात्याला जोडलेली यंत्रे ही एका अर्थाने एकाच देहाचे अवयव असतात. एका ठिकाणचे बोट हलले, की त्याचा परिणाम सर्वांना भोगावा लागतो. अशा ठिकाणी एकट्याने निर्णय घेणे ही केवळ तांत्रिक चूक नव्हे. सामाईक ठेवीचा कारभार सर्वांना विचारून करावा, हा नीतीचा साधा नियम त्यात मोडतो.

एक ओमर मान्ना

परंतु प्रश्न येथे संपत नाही. सहा-सात हजार छायाचित्रे होती. तीन वर्षांत त्यांतील किती पाहिली, असे मी मावशींना हळूच विचारले. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “पन्नास-साठ असतील. बाकीची आहेत, एवढे ठाऊक होते.”

‘आहेत, एवढे ठाऊक होते.’ आपण सर्व जण याच वाक्यावर जगत असतो. धनवानाच्या दाखल्यात (लूक १२:१६-२१) पीक उदंड आले, तेव्हा त्या मनुष्याने कोठारे पाडून मोठी बांधण्याचा विचार केला. वाटून देण्याचा, निवडण्याचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. जागा संपल्याची सूचना आली, की आपणही दरमहा थोडे पैसे भरून कोठार मोठे करतो. एकाच केकचे चाळीस फोटो, कोणीतरी पाठवलेल्या सुप्रभाताच्या फुलांचे दोनशे, चुकून दाबले गेलेले जमिनीचे तीन, या सर्वांसाठी आपण भाडे भरतो आणि त्या ढिगाऱ्यात आईचे एकुलते एक हसरे चित्र कोठे आहे, ते आपल्याला सापडत नाही.

मान्नाची कथा याहून सूक्ष्म आहे. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरते गोळा करायचे होते. ज्यांनी भीतीपोटी सकाळपर्यंत राखून ठेवले, त्यांच्या मान्नात किडे पडले. पण त्याच अध्यायाच्या शेवटी देव सांगतो, की एक ओमर मान्ना भांड्यात भरून पुढील पिढ्यांसाठी जपून ठेवा. तेच मान्ना, एका ठिकाणी ते सडले आणि एका ठिकाणी टिकले. फरक कशाचा? पहिले साठवणाऱ्याने स्वतःच्या धास्तीने साठवले होते. दुसरे कोणासाठी तरी साठवले होते: ज्यांनी ते खाल्ले नाही, त्या मुलांना दाखवण्यासाठी. राखणे निषिद्ध नाही. राखण्याला कोणीतरी डोळ्यांसमोर असावे लागते, आणि प्रमाण लहान असावे लागते.

जे वाटले ते वाचले

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी श्रीरामपूर येथील मिशन छापखान्याला आग लागली. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे, बंगालमधील. विल्यम कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. आगीत कागद, अनेक भाषांचे टाइप आणि वर्षानुवर्षांच्या परिश्रमांची हस्तलिखिते जळाली. त्यांत कॅरींच्या बहुभाषी शब्दकोशाचे हस्तलिखितही होते. छपाईची यंत्रे बचावली, अक्षरे पाडण्याचे पोलादी साचे राखेत सापडले आणि वितळलेल्या धातूतून नवे टाइप पाडण्याचे काम लवकरच सुरू झाले. अनुवादाच्या कामाला पुन्हा आरंभ झाला. पण शब्दकोशाचे ते थोर काम मात्र पुन्हा पुरे झाले नाही. त्याची प्रत एकच होती.

येथे आपणा मराठी वाचकांच्या ध्यानात येण्याजोगी एक गोष्ट आहे. मराठी नवा करार याच छापखान्यात आदल्या वर्षी, म्हणजे १८११ साली, छापला गेला होता. तो छापून झाला होता, म्हणून त्याचे भवितव्य एका इमारतीला बांधलेले राहिले नव्हते. जे एका खोलीत एका प्रतीत होते, ते गेले. जे छापून वाटले गेले, ते वाचले.

यिर्मयाच्या ग्रंथातील छत्तिसावा अध्याय हीच गोष्ट अधिक खोलवर सांगतो. थंडीचे दिवस, राजा यहोयाकीम शेगडीपाशी बसलेला, आणि वाचून झालेला ग्रंथपटाचा भाग चाकूने कापून तो आगीत टाकीत आहे. संदेष्ट्याच्या शब्दांची ती एकुलती प्रत. पण यिर्मया पुन्हा सांगू लागला, बारूख पुन्हा लिहू लागला. आणि अध्यायाच्या अखेरीस असे नमूद आहे, की दुसऱ्या ग्रंथपटात पहिल्याइतके तर आलेच, शिवाय त्यासारखी आणखीही पुष्कळ वचने भरली गेली. जळालेल्या पटाहून नवा पट मोठा झाला. कारण तो केवळ कातड्यावर किंवा कागदावर साठवलेला नव्हता. तो एका मनुष्याच्या अंतःकरणात जिवंत होता.

बीरगावच्या घरी असेच काहीसे घडले. मुलानेच पुढाकार घेतला. वर्धा, नागपूर, भिलाई, पुणे, जेथे जेथे काकांनी कधी चित्र पाठवले असेल तेथे तेथे त्याने फोन केले. काका मोठ्या मनाने वाटणारे गृहस्थ. ज्याचे चित्र काढले त्याला ते पाठवल्याशिवाय राहत नसत. हळूहळू चित्रे परत येऊ लागली. पुष्कळ चित्रे निरोपांतून फिरताना बारीक आणि अंधुक झाली होती. सत्तर-ऐंशी जमली. पण प्रत्येक चित्राबरोबर पाठवणाऱ्याने काही ना काही सांगितले. भिलाईच्या एका निवृत्त कामगाराने सांगितले, की संपाच्या दिवसांत काकांनी त्याच्या घरी तांदूळ पोहोचवला होता आणि ते कोणाला सांगू नये असे बजावले होते. मावशींनाही हे ठाऊक नव्हते. त्यांनी एक शाळेची वही घेतली. चित्र कागदावर छापून डकवायचे आणि खाली लिहायचे: कोण आहे, कोठले आहे, कोणी पाठवले, काय सांगितले. मुलगा फोनवर विचारी, आई लिही. अशा रीतीने त्यांचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

सहा हजार चित्रांनी जी आठवण जागवली नव्हती, ती ऐंशी चित्रांनी जागवली. साठवण म्हणजे आठवण नव्हे, हे मी त्या वहीवरून शिकलो. साठवण यंत्र करते. आठवण मनुष्याला करावी लागते. इब्रीतील ‘झाखार’ या क्रियापदाचे भाषांतर आपण ‘स्मरण करणे’ असे करतो. परंतु देवाने नोहाचे स्मरण केले किंवा हन्नाचे स्मरण केले, असे जेथे जेथे येते, तेथे तेथे त्यापाठोपाठ देव काहीतरी करतो. नोहासाठी पाणी ओसरते, हन्नाला पुत्र होतो. शास्त्रातील स्मरण ही कृती आहे.

याच रायपूरपासून लोहमार्गाने नागपूरकडे जाताना राजनांदगाव लागते. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी त्या संस्थानाकडे निघाले असता आगगाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्या भेटीचे कोणी छायाचित्र काढले नाही. तरीही ती मराठी ख्रिस्ती समाजाच्या स्मृतीत आजवर जिवंत आहे, कारण ती सांगितली गेली, लिहिली गेली. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या; १९३४ पासून त्या भागशः प्रसिद्ध झाल्या. त्या पुस्तकाचे नाव ‘स्मृतिचित्रे’ असावे, याचा अर्थ आज मला नव्याने कळतो. चित्र टिकते ते सांगणाऱ्यामुळे.

पुसणे हेही कर्तव्य

राखण्याप्रमाणे पुसणे हाही नीतीचा विषय आहे. आपल्या मोबाइलमध्ये सर्वच चित्रे प्रेमाची नसतात. मंडळीच्या कमिटीतील वादात कोणी रागाने काय लिहिले, त्याचे चित्र. भावाने वाटणीच्या वेळी पाठवलेल्या कठोर निरोपाचे चित्र. सुनेच्या बोलण्याचा पुरावा. ही आपण ‘वेळ पडली तर’ म्हणून ठेवतो, आणि सिंक त्यांना आपल्या प्रत्येक यंत्रावर ताजी ठेवते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीविषयी पौल जे क्रियापद वापरतो, ते हिशेबाच्या वहीचे आहे. प्रीती वाइटाची खतावणी ठेवत नाही, असा त्याचा भाव. ज्याच्यावर अन्याय होत आहे, त्याने न्यायासाठी पुरावा राखणे योग्यच आहे. दुर्बलाला गप्प बसवण्यासाठी या वचनाचा उपयोग कोणी करू नये. परंतु समेट झाल्यावरही जी चित्रे आपण पुसत नाही, त्यांच्याविषयी प्रभूपुढे स्वतःला विचारावे. आपण क्षमा केली आहे, की केवळ खटला तहकूब ठेवला आहे? यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचे जे अभिवचन आहे, त्यात देव स्वतः आपली पापे न आठवण्याचे ठरवतो. सर्व काही जाणणारा देव जे सोडून देतो, ते आपण दरमहा भाडे भरून सांभाळावे काय?

त्याचप्रमाणे दुसऱ्यांची चित्रे. वसतिगृहातील मूल, इस्पितळातील रुग्ण, मदत स्वीकारताना मान खाली घातलेली विधवा, यांची चित्रे आपण सेवाकार्याच्या अहवालांसाठी काढतो आणि ती वर्षानुवर्षे कोठे कोठे पडून राहतात. तो चेहरा त्या माणसाचा आहे. देवाच्या प्रतिरूपाने निर्माण झालेल्या मनुष्याची प्रतिमा त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि काम झाल्यावर ठेवू नये.

कारभाऱ्याची कामे

मग करावे काय? काही साध्या गोष्टी सुचवतो. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकात मांडलेला ३-२-१ हा नियम सोपा आहे: महत्त्वाच्या चित्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. क्लाउड ही घराबाहेरील प्रत होऊ शकते; ती एकुलती प्रत होऊ नये. घरात एक हार्ड डिस्क असावी, आणि ती नेहमी जोडलेली नसावी, म्हणजे एका ठिकाणची चूक तेथे पोहोचणार नाही. पुसण्यापूर्वी, मूळ प्रत कोठे आहे, हे डोळ्यांनी पाहावे. ‘आहेच’ या शब्दावर विसंबू नये. खाते सामाईक असेल, तर घरच्यांना विचारावे.

आपल्या पश्चात किल्ली कोणाकडे, हेही ठरवून ठेवावे. गूगलमध्ये निष्क्रिय खात्यासाठी विश्वासू व्यक्ती नेमता येते; ॲपलमध्ये २०२१ च्या अखेरीपासून वारसदार नेमण्याची सोय आहे. शेतीचे आणि घराचे मृत्युपत्र करणारे आपण या ठेवीचा विचार करीत नाही.

आणि दरवर्षी, कुटुंबाने एकत्र बसावे. वर्षाचा शेवटचा आठवडा त्याला योग्य आहे. हजारांतून एक ओमर निवडावे; पन्नास, शंभर. ती छापून घ्यावीत, मागे नावे आणि साल लिहावे, मुलांना सांगावे, नातेवाइकांना वाटावीत. बाकीची कृतज्ञतेने सोडून द्यावीत. त्या दिवसाचे मान्ना त्या दिवशी पोटात गेले, ते वाया गेले नाही.

काकांच्या प्रार्थनेची चित्रफीत मात्र सापडली नाही. ती कोणालाच पाठवलेली नव्हती. जेवणापूर्वीची प्रार्थना कोण कोणाला पाठवील? या हानीवर मी कोणतेही सांत्वन चिकटवू इच्छित नाही. गेले ते गेले.

गेल्या खेपेस मी बीरगावला होतो, तेव्हा मुलगाही सुट्टीवर आला होता. रात्री ताटे वाढली गेली आणि मावशींनी त्याला प्रार्थना करायला सांगितले. त्याने वडिलांचीच प्रार्थना म्हटली; लहानपणापासून रोज ऐकलेली, ती पाठ करण्याची त्याला कधी गरज पडली नव्हती. मध्येच मावशींनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच त्याला थांबवले.

“‘अन्न’ नव्हे,” त्या म्हणाल्या. “ते ‘भाकर’ म्हणत.”

त्याने शब्द सुधारला आणि प्रार्थना पुरी केली. मग आम्ही जेवलो. ज्याने आपल्या लोकांना तळहातांवर कोरून ठेवले आहे, असे यशया सांगतो, त्या देवापाशी काकांचा आवाज सुरक्षित आहे, असा माझा विश्वास आहे. आपल्याकडे सोपवलेला वाटा लहान आहे: जे राखायचे ते ओळखणे, ते वाटून ठेवणे, आणि शब्द चुकला तर प्रेमाने सुधारणे.